पायपेटीवरची भट्टी

दात नसलेल्या होऊ घातलेल्या व्याह्यासमोर उसाचं ताट ठेवू नये, आणि ठेवलंच तर आपण तोंड उघडू नये. मी दोन्ही चुका एकाच बैठकीत केल्या, आणि म्हणून भूमिती शिकवणाऱ्या माणसाला आपल्याच घरामागच्या परड्यात लोहारकाम मांडावं लागलं.

प्रसंग माझ्या धाकट्या बहिणीला, चंदनबालेला, बघण्याचा. साल चव्वेचाळीस, महिना माघ. माधवनगरचे बाहुबली आण्णा, लुगड्यांचे व्यापारी, सांगलीत आमच्या घरी आले होते. मुलगा शिकलेला, वाचनाची आवड असलेला, आणि मुख्य म्हणजे चंदनबालेनं त्याला मंदिरात लांबून पाहून "बघू" म्हटलं होतं. आमच्या चंदनचं "बघू" म्हणजे दुसऱ्या मुलीनं लाजून आत पळून जाणं. ती उंच, समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलणारी, आणि "मुलीला काय येतं?" असं कुणी विचारलं की "तुमाला काय पायजे?" असं उलट विचारणारी. त्यामुळं आधीची स्थळं चहा पिऊन गेली ती परत फिरकली नव्हती. हेही स्थळ गेलं असतं तर गल्लीतल्या बायकांनी तिची कीव करायला सुरुवात केली असती. चंदनला कीव सोसत नाही. मलाही सोसली नसती.

बैठक छान चालली होती. चंदननं पायपेटीवर एक पद वाजवून दाखवलं. ही पायपेटी म्हणजे पायानं भाता मारून दोन्ही हातांनी वाजवायची, कपाटाएवढी पेटी. शेजारी बिऱ्हाड करून राहिलेली एक नाटक कंपनी बोलपटांपुढं बसली, तेव्हा तिचे मॅनेजर "पुन्हा कंपनी उभी राहिली की घेऊन जातो" असं सांगून ती आमच्या घराच्या पुढच्या सोप्यात ठेवून गेले होते. कंपनी उभी राहिली नाही, पेटी राहिली. तर पद संपलं, आण्णांनी मान हलवली, आणि नेमके तेव्हाच मी उसाचे करवे पुढं केले.

आण्णांनी त्या करव्यांकडं जुन्या मित्राकडं बघावं तसं बघितलं. मग कोटाच्या खिशातून एक सुरी काढली. ती इतकी झिजली होती की बाभळीच्या काट्याची धाकटी बहीण वाटली असती.

"हिच्यानं आता केळं बी चिरत न्हाई," आण्णा म्हणाले. "विलायती माल. लढाई लागल्यापासनं दुसरी मिळंना. ऊस खावा म्हटलं तर दाताचं काम सुरीनं कराय पायजे, आनि सुरीच बोळकी झालीया."

अशा वेळी शहाणा माणूस "चालायचंच" म्हणतो. मी म्हणालो, "त्यात काय एवढं? मी करून देतो."

याला कारण होतं. शाळेच्या ग्रंथालयात धातूंवरचं एक पुस्तक होतं आणि आख्ख्या शाळेत ते मी एकट्यानं वाचलं होतं. पोलाद लाल होईपर्यंत तापवायचं, झटकन गार करायचं, की ते कडक होतं. मग पुन्हा थोडं ऊन करून त्याचा माज उतरवायचा, म्हणजे ते मोडत नाही. यात न जमण्यासारखं काय आहे हे मला त्या दिवशी तरी दिसलं नाही.

आण्णा खूश झाले. "मग झालं तर! आमाला दुसरं काय बी नको. पाडव्याला येतो. सुरी बी बघीन, आनि लग्नाच्या सुपारीचं बी बोलू."

दाराआड गुणमालेच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, बांगड्या वाजायच्या थांबल्या. पाहुणे गेल्यावर ती बाहेर आली.

"आवं, तुमाला भिंतीत खिळा मारता येत न्हाई," ती म्हणाली. "मागं क्यालेंडर लावताना सगळा गिलावा खाली आला."

"गिलावा कच्चा होता," मी म्हणालो.

समोरच्या घरात सुभेदार लालासाहेब राहत. मूळचे वडूजकडचे, पलटणीतून पेन्शनीवर आलेले. जगातल्या कुठल्याही विषयावर त्यांचं मत तयार असे आणि ते बसऱ्यापासून सुरू होत असे. "मास्तर, पोलाद पायजे न्हवं? मोटारीच्या स्प्रिंगचं पान घ्या. बसऱ्याला आमी त्येच्या वस्तऱ्यानं दाढ्या केल्यात." दाढीचं मला खरं वाटलं नाही, पण पोलाद खरं निघालं. मोटारस्टँडमागच्या गॅरेजातून त्यांनीच एक मोडकं पान आणून दिलं. ते इतकं कडक होतं की कानस त्यावरून घसरून माझ्या अंगठ्यावर आली. आधी तापवून सावकाश निवू दिलं की पोलाद मऊ पडतं, असं पुस्तकात होतं. म्हणून मी ते पान अंघोळीच्या बंबात टाकलं आणि राखेतच निवू दिलं. त्या दिवशी बंब उघडायला मी कुणाला परवानगी दिली नाही. घरातली सगळी माणसं गार पाण्यानं अंघोळ करून माझ्याशी गार आवाजात बोलली, पण पान मऊ झालं.

त्यातून एक पट्टी कापली आणि शाळा सुटली की ओट्यावर बसून कानस चालवू लागलो. कर्रर्र, कर्रर्र. येणारेजाणारे थांबत. शेजारणी गुणमालेला हळूच विचारत, "मास्तरांचं बरं हाय न्हवं?" मी मान वर करत नसे. हळूहळू पट्टीतून सुरी दिसू लागली. दिसायला झकास, पण मऊ. उसावर चालवून बघितली तर ऊस होता तसाच राहिला आणि सुरी वाकली. आता भट्टी हवी होती.

तुम्ही म्हणाल, लोहाराकडं का नाही गेलात? गावातले चांगले लोहार लढाईच्या कामाला खडकीच्या कारखान्यात गेले होते, हे एक. आणि दुसरं म्हणजे बैठकीत मी "करून देतो" म्हणालो होतो, "करवून देतो" नव्हे. दिलेल्या शब्दाच्या बाबतीत मी काटेकोर आहे. भूमितीनं माणूस तसा होतो.

भट्टी स्वस्तातली करायची ठरवली. गळकं घमेलं घेतलं. टांगाअड्ड्यावरून घोड्याची लीद आणून मातीत कालवली आणि घमेल्याला आतून जाड लेप दिला. शाळेचा मास्तर टांग्यामागं घमेलं घेऊन फिरतोय हे ज्यांनी पाहिलं त्यांनी ते हेडमास्तरांपर्यंत पोचवलं, आणि हेडमास्तरांनी मला बोलावून "सध्या घरी सगळं ठीक आहे ना?" असं विचारलं. मी त्यांना पोलादाचे गुणधर्म समजावून सांगितले. त्यांनी मला अर्धा दिवस रजा दिली.

लेप वाळत होता तेव्हा पलीकडच्या घरातले भाऊसो उपाध्ये आले. हे जैन मंदिरात शास्त्र वाचून दाखवत आणि उरलेल्या वेळात आमच्या घरात ते लागू करत.

"मास्तर, हे हिंसादान हाय," ते म्हणाले. "श्रावकानं दुसऱ्याला शस्त्र देऊ नये, विस्तव देऊ नये, कुऱ्हाड-कुदळ देऊ नये. शास्त्रात लिवलंय. तुमी तर विस्तव करून शस्त्र देताय!"

"भाऊसो, ती सुरी ऊस चिरायला आहे."

"ऊस एकेंद्रिय जीव हाय."

"मग तुम्ही गूळ कशाचा खाता?"

भाऊसो निघून गेले, पण फाटकातून परत फिरले. "आनि दुसरं. सोयऱ्याच्या हातात सुरी देऊ नये. सोयरीक तुटती."

हे कुठल्याच शास्त्रात नव्हतं, आणि म्हणूनच गुणमालेनं त्याचा धसका घेतला. दोन वेळची चूल थंड पडेल एवढी चर्चा झाल्यावर असं ठरलं की सुरी आण्णांच्या हातात द्यायची नाही, पाटावर ठेवायची. त्यांनी ती आपली आपण उचलावी. म्हणजे आम्ही दिली नाही आणि त्यांनी घेतली, असं होतं.

मग प्रश्न आला भात्याचा. लोहाराचा जुना भाता मिळत होता, पण भाता म्हणजे बकऱ्याचं कातडं. "कातडं उंबऱ्याच्या आत येनार न्हाई," गुणमालेनं सांगितलं. "परड्यात राहील," मी म्हणालो. "परडं बी आमचंच हाय," ती म्हणाली. हा वाद मी तत्त्वासाठी चालवला आणि शांततेसाठी सोडला.

कोळशाचं त्याहून अवघड. लढाईमुळं पेट्रोल मिळेना, म्हणून मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत, आणि म्हणून कोळशाला परवाना लागे. मी कचेरीत गेलो. कारकुनानं विचारलं, "स्वैपाक का मोटार?"

"दोन्ही नाही."

"मग तुमाला कोळसा लागत न्हाई."

"लागतो."

"कशाला?"

"सुरी कडक करायला."

त्यानं टाक खाली ठेवला आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. ते दिवस असे होते की सातारा-सांगलीच्या रानात कुठं तार तोडली, कुठं गाडी अडवली, असं रोज कानावर येई, आणि प्रत्येक झुडपामागं पोलिसांना भूमिगत दिसे. "नाव सांगा," कारकून म्हणाला. मी सांगितलं. ते त्यानं माझ्या अर्जावर न लिहिता दुसऱ्याच एका कागदावर लिहिलं. मला वाटलं, चला, काम पुढं सरकलं.

परवाना आला नाही. "करवंट्या जाळा," गुणमाला म्हणाली. "बंबात करवंटी टाकली की कसली धग निघती." या एका वाक्यासाठी मी तिला कॅलेंडरचा उल्लेख माफ केला. मंदिरापासून घाटापर्यंतच्या घराघरातून करवंट्या गोळा झाल्या. त्या चांगल्या पेटल्या, पण वारा कुठून आणायचा? स्वैपाकाच्या फुंकणीनं फुंकून माझ्या डोळ्यांपुढं काजवे चमकले, पोलाद मात्र काळंच. सायकलचा पंप लावला तर त्याची नळी वितळली.

त्याच संध्याकाळी चंदन सोप्यात पायपेटी वाजवत बसली होती. माझं लक्ष तिच्या बोटांकडं नव्हतं, पायांकडं होतं. वर, खाली, वर, खाली. भाता! तोही रबरी कापडाचा, कातड्याचा नव्हे!

"चंदन, तुझ्या पेटीतून थोडा वारा घेतला तर चालेल?"

ती वाजवायची थांबली. "पेटीला काय झालं तर?"

"काहीही होणार नाही," मी म्हणालो. मला तसं मनापासून वाटत होतं.

रविवारी सकाळी पेटी परड्यात आली. मी तिची मागची फळी काढली, आतल्या हवेच्या खोक्याला भोक पाडलं, त्यात पत्र्याची नळी बसवली आणि नळीचं दुसरं तोंड भट्टीच्या बुडात खुपसलं. सुभेदार खुर्ची टाकून बसले होते. भाऊसो कुंपणाशी होते. आणि मी पेटीपुढं बसणार एवढ्यात फाटकात हवालदार उभा राहिला. कचेरीतला तो दुसरा कागद आपल्या ठिकाणी पोचला होता.

"इथं हत्यारं बनवतात म्हनं," हवालदार म्हणाला.

"सुरी," मी म्हणालो. "होणाऱ्या व्याह्यांसाठी."

"व्याह्यांशी भांडान हाय?"

"अजून सोयरीक व्हायचीय!"

"मंग आधीच सुरी कशाला?" त्याच्या दृष्टीनं प्रश्न बरोबर होता. मी म्हणालो, तुम्ही बसा, प्रत्यक्षच दाखवतो. तो दुसऱ्या खुर्चीवर बसला. मी पेटीपुढं बसलो, पाठ भट्टीकडं, आणि भाता मारू लागलो.

"मास्तर, फुललं! निखारं फुललं!" सुभेदार ओरडले. मी आणखी जोर केला. आयुष्यात मला इतकं यशस्वी कधी वाटलं नव्हतं. मग पेटीतून कुणीतरी खोकल्यासारखा आवाज आला. मग करपल्याचा वास आला. आणि मग माझ्या धोतराखालून धूर यायला लागला.

पायपेट्या दोन जातींच्या असतात. एक वारा बाहेर फेकते, दुसरी आत ओढते. हे पुढं मला एका तबलजीनं सांगितलं. आमची ओढणाऱ्यांपैकी होती. मी तासभर राबून नळी लावली होती ती भट्टीतला धूर, राख आणि ठिणग्या पेटीच्या पोटात ओढून माझ्या पायांत सोडण्यासाठी. गुणमालेनं धावत येऊन हंडाभर पाणी माझ्यावर आणि पेटीवर ओतलं. ते पाणी गाळलेलं होतं का, हे भाऊसोंनी कुंपणावरून विचारून घेतलं.

हवालदार मात्र कर्तव्याला चुकला नाही. त्यानं माझी सुरी उचलली, गुणमालेकडून शेवग्याची शेंग मागून घेतली आणि तिच्यावर सुरी दाबली. सुरी वाकली. "ह्येनं शेंग मरंना, मानूस काय मरतोय?" तो म्हणाला. "निरुपद्रवी, असं कळवतो." हे त्यानं सुरीबद्दल म्हटलं की माझ्याबद्दल, हे मी विचारलं नाही. धोतराची एक बाजू जळालेली असताना माणूस फार विचारत बसत नाही.

चंदन फडकं घेऊन आली. तिनं पेटी पुसली, आतली राख काढली, मी पाडलेलं भोक बुजवलं, एकेक सूर दाबून बघितला. आवाज घोगरा झाला होता. ती रडली असती किंवा माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती पुसत राहिली, आणि मला इतकं वाईट वाटलं की मी रात्रीचं जेवण वगळलं. आमच्याकडं जेवण सूर्यास्तापूर्वीच होतं, त्यामुळं ते वगळल्याचं कुणाच्या लक्षातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तीच माझ्यापुढं येऊन उभी राहिली. "दादा, वाजवताना माझ्या पायाला गार वारा लागतोय. आत ओढलेला वारा तिथनं बाहेर पडतोय. तिथं डबा बशिवला तर?"

रॉकेलचा डबा कापून तिनं पेटीच्या बुडाशी बसवला, फटी चिंध्यांनी बुजवल्या आणि नळी त्या डब्याला जोडली. आता वारा भट्टीत जाऊ लागला. फक्त एक अडचण होती. वरून हवा आत आल्याशिवाय भाता हलत नसे, आणि सूर दाबल्याशिवाय हवा आत येत नसे. मग सा आणि प यांच्यावर एकेक बत्ता ठेवला. म्हणजे भट्टी चालू असेतोवर आमच्या परड्यातून अखंड सा-प निघत राही, घोगरा पण दमदार. गल्लीला सवय झाली. एकदा तर एक गवई रस्त्यात थांबले आणि आत येऊन म्हणाले, "कोण रियाज करतंय? आवाज धुरकट आहे, पण सूर पक्का आहे." समोर मी, तोंडाला काजळी, हातात सांडशी.

सुरी लाल झाली. मी ती विहिरीच्या पाण्यात बुडवली. टिंग्! इतका गोड आवाज झाला की मला वाटलं जमलं. बाहेर काढली तर पात्याला आरपार चीर गेलेली.

"पाण्यात जीव असतात," भाऊसो कुंपणावरून म्हणाले. "तापलेलं लोखंड पाण्यात बुडवता? किती जीव गेले आसतील! तेलात तरी बुडवा. तेलात जीव नसतोय."

मी त्यांच्यावर चिडलो आणि खोलीत जाऊन पुस्तक उघडलं. पुस्तकात लिहिलं होतं की बारीक पात्याला पाणी मानवत नाही, तेल वापरावं. हे पान मी वाचलंच नव्हतं. धर्माला आणि धातुशास्त्राला एकाच वेळी बरोबर ठरताना पाहून मला काय वाटलं ते लिहीत नाही. तेल गुणमालेच्या ताब्यात होतं, सणासाठी राखलेलं. ती डब्यापुढं उभी राहिली. "तळायला काय घेऊ मग? तुमची सुरी?" शेवटी पातं बुडवलेलं तेल गाळून दिव्याला द्यायचं, या अटीवर ते मिळालं.

पुन्हा पट्टी, पुन्हा कानस, पुन्हा कर्रर्र. दुसरं पातं तयार झालं. तेही गेलं. भर उन्हात भट्टीकडं बघत बसलो होतो. पातं लाल झालंय की नाही ते कळेना, म्हणून आणखी तापवलं, आणखी तापवलं, आणि टोकातून फुलबाजीसारख्या ठिणग्या उडून टोकच गळून पडलं. अंधार पडल्यावर भट्टी लावावी तर त्याला घरातूनच मनाई, कारण किडे विस्तवावर येऊन मरतात. यात मात्र भाऊसो, गुणमाला आणि मी, तिघांचं एकमत होतं.

पाडवा तोंडावर आला. गुणमाला रात्री जवळ येऊन बसली. तिचा आवाज पहिल्यांदाच मऊ होता. "आण्णांना सांगा, जमलं न्हाई म्हणून. मोठ्या मनाचं मानूस हाय."

"नाही," मी म्हणालो. "उद्या चंदन त्या घरात गेली आणि कुणी म्हणालं, हिचा भाऊ नुसता बोलतो, तर? ते तिनं ऐकायचं? मी पाडव्याच्या सकाळपर्यंत कानस चालवीन."

आतल्या खोलीत चंदन जागी होती की काय, कोण जाणे. तिसरं पातं घासून झालं, त्या सकाळी उठलो तर परड्यात भट्टीवर चार बांबू उभे होते आणि त्यांच्यावर सुभेदारांची काळी घोंगडी टाकलेली होती. आत चंदन बसली होती, पदर खोचून.

"दादा, सावलीत रंग दिसतोय," ती आतून म्हणाली. "उन्हात फसायला होतंय."

तंबूत एकच माणूस मावत होतं आणि भाता मारायलाही माणूस हवं होतं. म्हणजे भट्टीची सगळी योजना ज्याची, तो बाहेर पेटीवर, आणि सांडशी आत. "दादा, हळू." मी हळू. "आता जोरात." मी जोरात. "थांबा म्हटलं न्हवं!" शाळेत माझ्याशी असं हेडमास्तरही बोलत नसत. सा-प, सा-प. सुभेदार खुर्चीतून उठून उभे राहिले होते. मग आतून "हं" असा आवाज आला, आणि तेल चरचरलं. मी पाय थांबवले.

चंदन बाहेर आली. तोंड काळं, केसांत राख. तिनं पात्यावर कानस घासली. कानस घसरली! काचेवरून घसरावी तशी सुर्रकन घसरली. सुभेदारांनी सलाम ठोकला.

मग माज उतरवायचं काम. पातं घासून लख्ख केलं, तव्यावर वाळू तापवली आणि त्यात ठेवलं. आता त्याच्यावर रंग चढणार होता आणि "गवतासारखा पिवळा" दिसला की उचलायचं, असं पुस्तकात होतं. कुठलं गवत? विलायतेतलं गवत कसं दिसतं मला काय ठाऊक? गुणमाला शेजारी उभी राहून बघत होती. "हळकुंडाचा रंग आला," ती म्हणाली. "उचला." हळदीच्या बाबतीत सांगलीच्या बाईचा डोळा चुकत नाही. उचललं.

पाडव्याला बाहुबली आण्णा आले. पाटावर नवी सुरी होती, साध्या चिंचेच्या मुठीची. आम्ही दिली नाही, त्यांनी घेतली. शेजारी ताटात उसाचं एक कांडं ठेवलं होतं. सोपा गच्च भरला होता. कुंपणवाले भाऊसो पहिल्यांदाच दारातून आले होते. आण्णांनी कांड्याचा एक काप काढला. पानासारखा पातळ, पलीकडचा उजेड दिसेल असा. जिभेवर ठेवला. डोळे मिटले. आणखी एक काप. आणखी एक. लढाई लागल्यापासून ह्या माणसानं ऊस चाखला नव्हता आणि आम्ही सगळे त्याचं चाखणं बघत बसलो होतो.

शेवटी त्यांनी सुरी फडक्यानं पुसली. "मास्तर, मानलं. तुमच्या हातात जादू हाय."

आता नुसतं हसायचं होतं. नुसतं हसलो असतो तरी काम झालं असतं. आणि भट्टीवर बसलेली, काजळीनं माखलेली मुलगी सून म्हणून कुणाला चालेल, हाही विचार मनात येऊन गेला. पण समोरच चंदन उभी होती. तिच्या मनगटावर भाजल्याचा डाग होता आणि तो झाकायला गुणमालेनं तिला चार बांगड्या जास्त घातल्या होत्या. त्या बांगड्या बघून मला माझीच चीड आली.

"आण्णा, घासली मी," मी म्हणालो. "तापवून कडक केली ती चंदननं. भट्टीवर ती बसली होती. माझ्या हातून पहिली दोन्ही पाती वाया गेली."

गुणमालेनं डोळे मिटून घेतले. आण्णांनी सुरीकडं बघितलं, मग चंदनकडं. "ही?" ते म्हणाले. "भट्टीवर?"

"हो."

आण्णांनी पात्यावरून बोट फिरवलं. त्यांचा चेहरा मला वाचता येईना. माझ्या मनात आलं, गेलं. स्थळ गेलं. उद्यापासून गल्लीतल्या बायका मान हलवायला लागतील. आणि तरीही, खरं सांगतो, मला बरं वाटत होतं.

तेवढ्यात चंदननं मान वर केली. खाली बघ, म्हणून गुणमालेनं सकाळपासून तिला बजावलं होतं. तिनं सरळ आण्णांच्या डोळ्यांत बघितलं.

"तुमच्या परड्यात सावली हाय का?" तिनं विचारलं.

मुलगी बघायला आलेल्यांनी विचारायचं आणि मुलीनं सांगायचं, अशी आमच्याकडची रीत. मुलीनंच पाहुण्यांच्या घराची चौकशी केलेली कुणी ऐकली नव्हती. भाऊसोंनी शास्त्रात बघायला सुरुवात केल्यासारखे ओठ हलवले.

आण्णांनी खांद्यावरचं उपरणं नीट केलं. ते जरा सावरून बसले, मुलाखतीला बसावं तसे.

"हाय की," ते म्हणाले. "आंब्याची हाय. दुपारी बी ऊन लागत न्हाई. भिंत बी उंच हाय, वारा लागायचा न्हाई." मग त्यांनी उसाचं ताट हातानं बाजूला सारलं. "आनि काय विचारायचं आसंल तर विचार, बाळ. आमी बसलोय."